एकाच गटातील मुले, वेगवेगळी वाढ : आमच्या फुटबॉल वर्गातील पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या वर्गात दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाची उभ्याची व बसल्याची उंची आणि वजन मोजले जाते. त्यासोबत तीस मीटर धाव, जागेवरून लांब उडी आणि बीप चाचणी (वाढत्या वेगाच्या बीप आवाजाबरोबर ये-जा धावून दम पाहणारी चाचणी) यांचे आकडेही पालकांना दिले जातात. हा कागद हाती पडला की पालक साहजिकच तो शेजारच्या मुलाच्या कागदाशी ताडून पाहतात आणि आपला मुलगा मागे पडला म्हणून चिंता करतात. ही चिंता आम्हाला समजते, पण बहुतेक वेळा ती अस्थानी असते. त्याची कारणे येथे सविस्तर देत आहोत.

वयोगट जन्मसालावरून ठरतो. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतो. दहाव्या वर्षी हे अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे मुलाच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा असतो. निवडीवर त्याचा केवढा परिणाम होतो हे बेल्जियममध्ये स्पष्ट दिसले. तेथे १९९७ साली वयोगटाची तारीख १ ऑगस्टवरून १ जानेवारीवर आणली गेली आणि त्यानंतर निवडल्या जाणाऱ्या मुलांचे जन्ममहिनेही ऑगस्टच्या आसपासहून जानेवारीच्या आसपास सरकले. मुलांचे गुण बदलले नव्हते. बदलली होती ती केवळ तारीख.

याहूनही मोठा फरक वयात येण्याच्या वेळेमुळे पडतो. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते आणि त्या एका वर्षात ती नऊ-दहा सेंटिमीटरही वाढू शकते. मुलींमध्ये हा काळ सुमारे दोन वर्षे आधी येतो, म्हणून अकरा-बारा वर्षांच्या मिश्र गटात मुली उंच दिसतात. मात्र ही सरासरी झाली. एखाद्या मुलाला बाराव्या वर्षीच मिसरूड फुटते, तर दुसऱ्याचा आवाज पंधराव्या वर्षीही फुटलेला नसतो, आणि दोघेही पूर्णपणे निरोगी असतात. तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या उंचीत वीस सेंटिमीटरचा फरक असणे यात काहीही वावगे नाही. लवकर वाढलेला मुलगा त्या काळात जोरात धावतो, धडक सहज जिंकतो आणि लांबून गोल मारतो. चणीने लहान मुलाचे पायातले कसब मात्र त्या धडकेत दिसतच नाही. शाहू स्टेडियमवर दांडग्या खेळाला टाळ्या देणाऱ्या आम्हा कोल्हापूरकरांना ही गोष्ट स्वतःला पुन्हा पुन्हा बजावावी लागते.

उशिरा वाढणारे बहुतेक मुलगे पुढे उंचीत बरोबरी साधतात. तोवर त्यांना राखीव बाकावर बसवून ठेवले, तर खेळच सुटतो. लवकर वाढलेल्या मुलाचेही वेगळ्या प्रकारे नुकसान होते, कारण जोरावर भागत असल्याने तो चेंडू ताब्यात ठेवणे आणि मान वर करून पास देणे शिकत नाही. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही वयाऐवजी वाढीच्या टप्प्याप्रमाणे संघ पाडतो. ही पद्धत इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या युवा अकादमींतही वापरली जाते. यासाठी मुलाचे वय, उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची यांवरून त्याच्या प्रौढ उंचीचा अंदाज बांधला जातो आणि त्यापैकी किती टक्के उंची गाठली आहे ते पाहिले जाते. १९९४ साली प्रसिद्ध झालेले हे सूत्र अमेरिकी मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहे आणि त्याचा अंदाज काही सेंटिमीटरने चुकू शकतो. त्यामुळे ते आम्ही केवळ गट पाडण्यापुरते वापरतो, कोणाच्याही निवडीसाठी नाही.

उंची एकदम सुटते तेव्हा हाडे आधी लांबतात आणि स्नायूंची ताकद काही महिन्यांनी मागून येते. या काळात चांगला खेळणारा मुलगाही अडखळतो, त्याचा पहिला स्पर्श बिघडतो आणि धावेची वेळसुद्धा वाढू शकते. हा आळस नव्हे. कृपया त्यासाठी मुलाला रागावू नये. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखणे याच वयात सुरू होते, कारण स्नायूंचा ताण हाडाच्या अजून कोवळ्या असलेल्या टोकावर येतो. अशा मुलाच्या उड्या आणि वेगाच्या धावा आम्ही कमी करतो व चेंडूवरचा सराव चालू ठेवतो. म्हणून दुखणे लपवू नये, असे मुलाला घरी आवर्जून सांगावे. दुखण्याने मुलगा लंगडत असेल, रात्री झोपेतून उठत असेल किंवा सांध्यावर सूज असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

जोर-बैठकांनी उंची खुंटते हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, पण त्याला आधार नाही. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, शरीराला झेपेल एवढा ताकदीचा व्यायाम सुरक्षित असतो. उलट, उंची वाढवण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरी कृपया घेऊ नयेत. मेस्सीचे उदाहरण देऊन इंजेक्शनांबद्दल विचारणा होते. त्याला लहानपणी वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असल्याचे निदान झाले होते आणि ते उपचार त्या आजारावरचे होते. नुसत्या उशिरा वाढणाऱ्या मुलासाठी ते नाहीत. चौदाव्या वर्षापर्यंत मुलामध्ये किंवा तेराव्या वर्षापर्यंत मुलीमध्ये वयात येण्याची कोणतीच खूण दिसली नाही, किंवा वर्षभरात उंची चार सेंटिमीटरही वाढली नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पुढील मोजणीच्या दिवशी मुलाला सकाळच्या सत्रातच पाठवावे, कारण दिवसभरात उंची सुमारे एक सेंटिमीटरने घटते आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेली मापे एकमेकांशी जुळत नाहीत. सोबतच्या अर्जावर आई आणि वडील या दोघांचीही उंची अंदाजाने न लिहिता मोजून लिहावी. यापुढील कागदावर मुलाचे आकडे त्याच्याच मागील आकड्यांशेजारी छापलेले असतील; गटातील क्रमांक आम्ही काढून टाकला आहे.