स्टेडियम स्वतःचं नसलं तरी चालतं, करार मात्र पाहिजे: फुटबॉल क्लब लायसन्ससाठी काय काय लागतं

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-प्रॅक्टिस किंवा खंडोबा-दिलबहार अशी इथल्या तालीम संघांची मॅच लागली की गॅलरी भरते, आणि मॅच सुटली की कट्ट्यावर कुणीतरी हमखास विचारतं, एवढं पब्लिक येतंय तर आपला एखादा संघ देशाच्या मोठ्या लीगमध्ये का नाही? पैसा हे एक उत्तर आहेच. पण पैसा आला तरी पुढं क्लब लायसन्सिंग म्हणजे मोठ्या लीगमध्ये खेळायच्या परवान्यासाठी एक कागदांचा डोंगर असतो आणि त्यातला स्टेडियम आणि ट्रेनिंग ग्राउंडचा भाग आपल्याकडं कुणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी हे लायसन्स देतं कोण ते बघू. नियम आशियाई फेडरेशनचे म्हणजे एएफसीचे, आणि भारतात ते राबवते एआयएफएफ, म्हणजे देशाची फुटबॉल फेडरेशन. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधले क्लब दरवर्षी या चाळणीतून जातात. हो, दरवर्षी, कारण लायसन्स एका सीझनपुरतंच असतं, सीझन संपला की आपोआप संपतं आणि दुसऱ्या क्लबला विकता किंवा देता येत नाही. अटींचे पाच गठ्ठे आहेत: खेळ म्हणजे मुख्यतः युथ टीम्स, मग मैदान-स्टेडियम, माणसं, कायदेशीर कागद आणि हिशोब. प्रत्येक अटीला ए, बी, सी असा ग्रेड असतो. ए ग्रेडची अट चुकली तर लायसन्स नाही म्हणजे नाही. बी चुकली तर दंड किंवा ताकीद होते पण लायसन्स मिळू शकतं, आणि सी म्हणजे केलंत तर बरं.

अर्ज कोण करू शकतं? क्लब कायदेशीर नोंदलेला पाहिजे, कंपनी असो किंवा संस्था, आणि राज्य संघटनेमार्फत फेडरेशनच्या छत्राखाली पाहिजे. आपल्याकडं ती साखळी केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन), मग विफा (राज्याची फुटबॉल संघटना), मग एआयएफएफ अशी जाते. नोंदणी प्रमाणपत्र, घटना किंवा कंपनीचे कागद, सह्यांचे अधिकार कुणाकडं आहेत त्याचा ठराव आणि क्लबचा खरा मालक कोण याची माहिती एवढं इथं लागतं. बऱ्याच तालमींची संस्था म्हणून नोंदणी असते, त्यामुळं हा भाग वाटतो तेवढा अवघड नाही.

आता स्टेडियम. सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे, लोकांना वाटतं क्लबचं स्वतःचं स्टेडियम लागतं. अजिबात नाही. नियमात सरळ दोन पर्याय आहेत, एकतर मालकी दाखवा नाहीतर मालकाबरोबर लेखी करार दाखवा की येणाऱ्या सीझनच्या होम मॅचेस इथं होतील. मुंबई सिटी बघा, 2014 आणि 2015 ला नवी मुंबईत डी वाय पाटील स्टेडियमवर खेळली आणि 2016 पासून अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात, आणि ते क्रीडा संकुल महापालिकेचं. एफसी गोवा मडगावच्या फातोर्ड्याला खेळते, ते स्टेडियम सरकारी. म्हणजे भाड्याच्या घरात राहून पण रेशनकार्ड निघतं तसंच आहे हे, फक्त भाडेकरार पक्का पाहिजे. "साहेबांशी बोलणं झालंय, मिळेल ग्राउंड" हे उत्तर चालत नाही. करारात सीझनच्या तारखा पाहिजेत, आणि सही करणाऱ्याला खरंच तो अधिकार आहे का ते पण बघतात.

कराराच्या जोडीला स्टेडियमचं सुरक्षा प्रमाणपत्र. बांधकाम मजबूत आहे का, किती लोक बसू शकतात, त्यातल्या वेगळ्या सीट्स किती, आग लागली किंवा पळापळ झाली तर सगळं पब्लिक बाहेर कसं काढणार याचा प्लॅन, हे सगळं सक्षम अधिकाऱ्यानं मान्य केलेलं पाहिजे. आपल्याकडं व्यवहारात याचा अर्थ स्ट्रक्चरल ऑडिट, फायरची एनओसी आणि पोलिसांचा बंदोबस्त. शिवाय ड्रेसिंग रूम, रेफरींची रूम, डोपिंग टेस्टची रूम, फर्स्ट एड, मीडियाची जागा, संध्याकाळची मॅच असेल तर फ्लडलाइट. इन्स्पेक्शनला माणसं येतात आणि जागेवर बघतात, नुसते फोटो पाठवून भागत नाही. जुन्या दगडी पायऱ्यांच्या गॅलरीला हजारो लोक मांडीला मांडी लावून बसतात ते आपल्याला भारी वाटतं, पण तपासणाऱ्याला त्यात नंबर घातलेली सीट दिसत नाही.

आणि हे पण लक्षात ठेवा, देशातल्या लीगसाठी पास झालेलं स्टेडियम आशियाई स्पर्धेला चालेलच असं नाही, त्याला एएफसीचे स्टेडियमचे नियम वेगळे आहेत. 2023-24 च्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीच्या होम मॅचेस अंधेरीत झाल्याच नाहीत, घर म्हणून पुण्याचं बालेवाडी घ्यावं लागलं आणि सौदीच्या अल हिलालची मॅच डी वाय पाटीलवर झाली (त्यांचा नेमार येणार म्हणून तिकिटं घेतलेल्यांचं काय झालं ते विचारू नका, त्याचा गुडघा त्याआधीच गेला होता). फातोर्ड्याला तशी अडचण आली नाही, 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप तिथं झालेला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये रोनाल्डोची टीम अल नासर तिथंच खेळून गेली, त्याच्याशिवाय.

ट्रेनिंग ग्राउंड हा वेगळा विषय, आणि माझ्या मते क्लब जास्त करून इथंच अडकतात. ते वर्षभर उपलब्ध पाहिजे, सीझनपुरतं नाही. इथं पण मालकी किंवा लेखी करार. मैदान, इनडोअर सोय, कपडे बदलायच्या रूम आणि मेडिकल रूम, आणि युथ टीम्सना पण सरावाची जागा दाखवायची. जमशेदपूरला सोपं जातं कारण स्टेडियमचं सगळं संकुल टाटा स्टीलचं आणि क्लब पण त्यांचाच. बाकीच्यांना जमवाजमव करावी लागते, एफसी गोवासारखा क्लब पण साल्वादोर द मुंदच्या पंचायतीच्या ग्राउंडवर सराव करत आलाय. आपल्या पेठेतल्या मैदानावर सकाळी फुटबॉल, दुपारी क्रिकेट आणि लग्नसराईत मांडव, ते कुणाच्या करारात कसं बसवणार?

बाकीचे कागद पटकन सांगतो. सीएनं ऑडिट केलेले हिशोब, पुढच्या सीझनचं बजेट, खेळाडू-स्टाफ-दुसरे क्लब-टॅक्स यांची मुदत उलटलेली थकबाकी नसल्याचा पुरावा, खेळाडूंचे लेखी करार आणि मेडिकल. लायसन्सवाला हेड कोच, डॉक्टर, फिजिओ, फायनान्स बघणारा, सिक्युरिटी ऑफिसर, मीडिया ऑफिसर आणि युथ डेव्हलपमेंटचा प्रमुख, प्रत्येकाचं नेमणूकपत्र आणि सर्टिफिकेट.

हे सगळं सीझनच्या आधी ठरलेल्या मुदतीत द्यायचं. लायसन्सिंग मॅनेजर आणि त्यांची टीम तपासते, त्रुटी कळवते, इन्स्पेक्शन होतं, आणि निकाल फर्स्ट इन्स्टन्स बॉडी नावाची स्वतंत्र समिती देते. नकार आला तर अपील बॉडीकडं जाता येतं, पण तिथली मुदत अगदी कमी असते, त्यामुळं वकील आणि कागद आधीच तयार ठेवलेले बरे. अपील पण फेटाळलं तर देशातल्या स्पर्धेपुरती सूट मागता येते आणि काही क्लब तशी घेऊन खेळलेत, पण आशियाई स्पर्धेचं दार बंद, ट्रॉफी जिंकलेली असली तरी.

एखाद्या तालमीला खरंच या वाटेनं जायचं असेल तर खेळाडू आणि स्पॉन्सर शोधायच्या आधी दोन पत्रं टाका. एक केएसएला, की शाहू स्टेडियम सीझनभरासाठी लेखी मिळेल का आणि त्याचं शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालंय. दुसरं महापालिकेला किंवा एखाद्या कॉलेजला, वर्षभराच्या सराव मैदानासाठी. दोन्हीची पोच घ्या, शिक्का-तारखेसकट.