वाचन-अक्षमता : मुंबईतील विद्यार्थी

वाचन-अक्षमता : बुद्धीत उणेपणा नाही, डोळे व कान ठीक आहेत, शाळाही नियमित झाली आहे आणि तरीही शब्द ओळखणे, ओळीमागून ओळ सहज वाचत जाणे व ऐकलेले बिनचूक लिहिणे यांत मूल वयाच्या मानाने बरेच मागे राहते, अशा जन्मजात अवस्थेला ही संज्ञा लावतात. डिस्लेक्सिया हा शब्दही मराठीत रूढ आहे. मुंबईच्या शाळांत मात्र दोन्ही शब्द मागे पडून ‘एलडी’ (लर्निंग डिसॅबिलिटी) हे आद्याक्षरी नाव चालते आणि त्यात लेखन-अक्षमता व गणन-अक्षमताही गृहीत धरल्या जातात. कायद्याच्या भाषेत या साऱ्यांना मिळून ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ म्हणतात. प्रमाणाचे अंदाज व्याख्येप्रमाणे बदलतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये केलेल्या वर्गीकरणात शाळकरी मुलांतील प्रमाण, वाचन, लेखन व गणित मिळून, ५ ते १५ टक्के दिले आहे. चाळणी किती बारीक धरली यावर आकडा ठरत असल्याने खालच्या टोकाकडे झुकणे अधिक सावधपणाचे.

संज्ञेचा उगम : मेंदूला इजा झाल्यावर वाचन गमावलेल्या प्रौढ रुग्णांसाठी जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल याने १८७७ मध्ये ‘शब्दांधत्व’ हा शब्द वापरला. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव श्टुटगार्टचा नेत्रवैद्य रूडोल्फ बेर्लीन याचे. ते त्याने केव्हा योजले याविषयी एकमत नाही. काहीजण १८८३ च्या आसपासच्या त्याच्या लेखनाकडे बोट दाखवतात. पण या विषयावरची त्याची स्वतंत्र पुस्तिका १८८७ ची असल्याने तेच वर्ष धरणे बरे. बेर्लीनचे रुग्णही प्रौढच होते. जन्मजात अडचणीचे पहिले स्पष्ट वर्णन कोणाचे, हा वेगळा वाद आहे. ओस्वाल्ड बेरखान याच्या १८८१ च्या नोंदींना काही अभ्यासक अग्रक्रम देतात, पण त्यांत भर लेखनदोषांवर दिसतो. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ वर्षांच्या मुलाची जी हकिगत छापली, तिच्यापासून आजच्या अर्थाने या विषयाची सुरुवात मानण्यास फारशी हरकत नसावी. हा मुलगा गणितात चांगला होता, पण स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करी. शिक्षण सगळे तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाने सांगितल्याचे मॉर्गनने नोंदवले आहे. मुंबईतल्या पालकसभांत हेच वाक्य आजही जवळजवळ जसेच्या तसे ऐकू येते.

अमेरिकन वैद्य सॅम्युअल ऑर्टन याने १९२५ मध्ये अक्षरे उलटी दिसण्यावर भर दिला आणि त्याचे कारण मेंदूच्या एका अर्धगोलाच्या दुसऱ्यावरील अपुऱ्या वर्चस्वात शोधले. हे स्पष्टीकरण पुढे मागे पडले, तरी ‘अक्षरे उलटी दिसतात तो डिस्लेक्सिया’ ही लोकसमजूत त्यातूनच टिकून आहे. आरशातल्यासारखी अक्षरे लिहायला लागण्याच्या वयात बहुतेक मुले काढतात. देवनागरीत ३ आणि ६ यांची अदलाबदल बालवाडीच्या कोणत्याही पाटीवर सापडेल. ‘अध्ययन अक्षमता’ ही व्यापक संज्ञा सॅम्युअल कर्क याने १९६३ मध्ये रूढ केली.

कारणमीमांसा व लिपीचा प्रश्न : आज सर्वाधिक मान्यता असलेल्या मतानुसार मूळ अडचण ध्वनिजाणिवेत आहे. उच्चारलेल्या शब्दाचे सुटे ध्वनी मनात वेगळे करणे आणि त्यांना चिन्हांशी चटकन जोडणे जड जाते. ही प्रवृत्ती घराण्यात उतरते. एकच जनुक मात्र जबाबदार नाही. दृष्टिदोषावर आधारलेली मतेही अधूनमधून पुढे येतात. पण रंगीत चष्मे व रंगीत कागद यांनी वाचन सुधारते या दाव्याला भक्कम आधार मिळालेला नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा, की या विषयाची बहुतेक चाचणी-परंपरा इंग्रजीवर उभी आहे. इंग्रजीत चिन्ह व ध्वनी यांचा मेळ फार अनियमित. वाचन-अक्षम इटालियन, फ्रेंच व इंग्रज प्रौढांची तुलना करणाऱ्या २००१ च्या अभ्यासात पाउलेसू व सहकाऱ्यांना तिन्ही गटांच्या मेंदूंत सारखीच न्यूनता दिसली; वाचनात मात्र इटालियन मंडळी इतरांपेक्षा सरस ठरली. त्याआधी, १९९९ मध्ये, वायडेल व बटरवर्थ यांनी इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या, पण जपानी व्यवस्थित वाचणाऱ्या एका द्विभाषिक तरुणाचे वर्णन केले होते. थोडक्यात, अडचण मुलात असते. ती किती व कशी दिसेल हे पुष्कळसे लिपी ठरवते.

देवनागरी येथे मधल्या जागेवर आहे. लिहिले तसे वाचायचे, हा तिचा लौकिक वाचनापुरता बराचसा खरा. त्यामुळे वाचन-अक्षम मराठी मूल इंग्रजीतल्यासारखे भलतेच वाचत नाही. ते बरोबर वाचते, पण अतिशय सावकाश, एकेक अक्षर सुटे करत. वर्गात याची नोंद ‘हळू आहे’ एवढीच होते. चुका मोजणाऱ्या चाचणीत ते निसटते. वेग मोजला तरच सापडते. मराठी माध्यमातील मुलांचे निदान उशिरा होण्यामागे पालकांच्या अज्ञानाइतकेच हेही कारण असावे.

लिपीच्या खास अडचणी वेगळ्या. बाराखडीचीच रूपे चारशेच्या घरात जातात, जोडाक्षरे त्यावर. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या डोळ्याला फसवतात. ख घाईत ‘रव’ होतो. ‘किती’मधली पहिली वेलांटी व्यंजनाआधी लिहिली जाते आणि उच्चारली जाते नंतर. हिंदी वाचकांवरील २००२ च्या प्रयोगांत वैद व गुप्ता यांना ऱ्हस्व वेलांटीच्या या उलट्या क्रमाने शब्द ओळखण्यास वेळ लागतो असे आढळले. र हे तर स्वतंत्र प्रकरण आहे : ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘क्रम’मध्ये पोटात शिरतो, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी येतो. मराठीत आणखी एक अर्धा र आहे, आणि त्याच्यामुळेच ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांत समुद्र आणि दरी यांइतके अंतर पडते. ‘चाक’ व ‘चहा’ यांतले च वेगळे, पण अक्षर एकच. वाक्य वाचून झाल्याशिवाय ‘जग’ हे नाम की आज्ञा हे कळत नाही.

लेखनात प्रश्न आणखी बिकट होतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मुंबईच्या बोलण्यात कानाला फारसा लागत नाही. तो नियमाने लक्षात ठेवावा लागतो. ‘मूल’ दीर्घ, ‘मुलाला’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, ‘फुलांचा’ ऱ्हस्व. मराठीत ‘कवी’ आणि ‘गुरू’ बरोबर. पुढच्याच तासाला हिंदीत ‘कवि’ आणि ‘गुरु’ बरोबर. एका वहीत लाल शाईने खोडलेला शब्द दुसऱ्या वहीत पूर्ण गुण मिळवतो. मराठीचे ल व श आणि हिंदी पुस्तकातले ल व श आकाराने निराळे, हे प्रौढांच्या लक्षातही येत नाही.

मुंबईची भाषिक परिस्थिती : महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड व इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या आहेत. मराठी माध्यमात इंग्रजी २००० पासून पहिलीतच येते. इतर माध्यमांच्या मुलांना मराठी शिकावी लागतेच. २०२० च्या अधिनियमाने ती सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली. उर्दू माध्यमातील मूल उजवीकडून डावीकडे वाचून पुढच्या तासाला दिशा बदलते. शहराच्या पाट्याही परीक्षा घेतात. फलाटावरच्या इंडिकेटरवर एकच नाव आळीपाळीने भाषा बदलते, आणि अडखळत वाचणाऱ्याचे ते अर्धे व्हायच्या आत दुसरी लिपी येते. बेस्टच्या बसच्या पुढच्या पाटीवर मार्गक्रमांक वर्षानुवर्षे देवनागरी अंकांत राहिला, तर इंग्रजी माध्यमाच्या शाळेतले गणित इंग्रजी अंकांत. अंकनामांचा गुंता याला जोडून येतो : ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि लिहिले जातात नंतर, ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहिताना दिसतच नाहीत. बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस पाच’ ही पर्यायी पद्धत आली, तेव्हा तिची बरीच टवाळी झाली. गणन-अक्षम मुलांच्या बाजूने पाहता ती सूचना एवढी हास्यास्पद नव्हती.

मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत आहे. उर्दू, गुजराती, तमिळ व तेलुगू ही पालिकेची माध्यमे त्या यादीत आली नाहीत.

निदान, प्रमाणपत्र व सवलती : महाराष्ट्र राज्य मंडळाने शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास १९९६ च्या सुमारास सुरुवात केली, आणि या बाबतीत ते देशात अग्रेसर मानले जाते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणे, एका भाषेतून सूट, तसेच बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित व कार्यानुभवाचा विषय, असे या सवलतींचे स्वरूप राहिले आहे. तपासणीसाठी पालकांची धाव मुख्यतः शीव येथील लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर व परळचे केईएम या पालिका रुग्णालयांकडे असते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांच्याकडे वेगवेगळ्या दिवशी जावे लागते, आणि रोजंदारीवरच्या पालकाला प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ही अवस्था नव्हती. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार अधिनियमाने ती २१ प्रकारांत घेतली. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांनंतरच द्यावे, १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी व्हावी, आणि त्यानंतरचे प्रमाणपत्र कायमचे असावे, असे ठरवले. निदानासाठी त्यांनी बंगळूरुच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच नेमला आणि बुद्ध्यंक ८५ च्या वर हवा, अशी अट घातली. ही अट वादग्रस्त म्हणावी लागेल. ७० ते ८५ च्या दरम्यानचे मूल ना मतिमंद ठरते ना वाचन-अक्षम. शाळा त्याला ‘स्लो लर्नर’ म्हणते आणि त्याच्या हाती काहीच लागत नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत जादा वेळ नाकारल्या गेलेल्या एका लेखन-अक्षम विद्यार्थिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असा वेळ हा हक्क असल्याचे मान्य केले.

सवलतींनी एक अनपेक्षित वळणही दिले आहे. प्रमाणपत्राची गरज दहावीला भासते, म्हणून तपासणीची गर्दी नववीत उसळते. वाचन सुधारण्यास सर्वांत उपयोगी ठरणारी पहिली ते तिसरीची वर्षे तोवर गेलेली असतात.

सामाजिक अडचणी : मराठीत मागे पडणाऱ्या मुलासाठी तयार शब्द आहे तो ‘ढ’. अक्षरे न जुळणाऱ्याला एका अक्षराचेच नाव मिळावे, हा योगायोग क्रूर खरा. ब्राह्मीपासून आजवर ढ चा आकार जवळजवळ तसाच राहिला. जो काही केल्या बदलत नाही तो ‘ढ’, अशी व्युत्पत्ती शिक्षकवर्गात सांगितली जाते. अशोककालीन लेखांतील ढ खरोखरच ओळखू येतो. पण लिपीच्या इतिहासाचे एवढे ज्ञान शाळकरी शिवीच्या मुळाशी असेल असे वाटत नाही. ‘ढब्बू’सारख्या शब्दांतील ढ च्या जड ध्वनीशी तिचा संबंध अधिक संभवतो.

प्रकट वाचनाचा तास हा अशा मुलाच्या आठवड्यातला सर्वांत कठीण प्रसंग. आपला परिच्छेद कोणता येणार हे बाक मोजून ठरवायचे, तेवढा पाठ करायचा, आणि मध्येच बाईंनी क्रम बदलला की पाणी प्यायला बाहेर जायचे, हे डावपेच सर्रास आढळतात. वहीवरचा ‘अक्षर सुधारा’ हा शेरा घरी आळशीपणाचा पुरावा ठरतो. शिकवणीवर्गांत गुणांप्रमाणे बॅच पाडतात, त्यामुळे मित्रही तुटतात. लेखनिक विद्यार्थ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. त्याला उत्तर सांगताना वेगळ्या खोलीत बसावे लागणे हे पुष्कळांना नापास होण्याइतकेच नकोसे वाटते. मुली गप्प राहून वही नीटनेटकी ठेवतात, आणि त्यामुळे तपासणीला कमी पाठवल्या जातात.

घरात दोष बहुधा आईवर येतो, कारण अभ्यास तिने घ्यायचा असतो. निदान झाल्यावर अनेकदा बाप हळूच सांगतो, की माझेही असेच होते. प्रमाणपत्रावर ‘दिव्यांग’ शब्द दिसताच काही कुटुंबे, विशेषतः मुलीच्या बाबतीत, कागद परत फिरवतात. उलट बाजूला, सवलती घेणाऱ्या मुलाला वर्गमित्र ‘फुकटचे टक्के’ म्हणून टोचतात. २००७ मधील एका लोकप्रिय हिंदी चित्रपटानंतर विषय घराघरांत पोचला. त्यासोबत अशा प्रत्येक मुलात चित्रकार दडलेला असतो, हा नवा गैरसमजही पोचला.

उपचारात्मक अध्यापन : औषध नाही. ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांच्या परंपरेतील बहुसंवेदी पद्धत सर्वत्र वापरली जाते : अक्षर पाहणे, उच्चारणे, वाळूत बोटाने गिरवणे हे एकाच वेळी. जुन्या शाळांतील धूळपाटीशी व धुळाक्षरांशी याचे साम्य उघड आहे, ऐतिहासिक संबंध मात्र जोडता येत नाही. मुंबईत हे अध्यापन बव्हंशी खाजगी आहे, तासाच्या दराने चालते आणि इंग्रजीतून मिळते. मराठीतून शिकवणारे विशेष शिक्षक शोधावे लागतात. जे मराठीतून शिकवतात त्यांना प्रवेशिकेचा क्रमही मोडावा लागतो. ‘ग म भ न’ ही आपली परंपरागत सुरुवात अक्षरांच्या आकारसाम्यावर बेतलेली आहे आणि सर्वसाधारण मुलाच्या हाताला ती सोपी जाते. वाचन-अक्षम मुलाला मात्र म पक्का झाल्यावर काही आठवडे जाऊ देऊन मगच भ दाखवतात.