घरी बांधलेल्या गाडीचे इंजिन, जमिनीपासूनची उंची आणि आरटीओची मंजुरी: सोलापूरच्या अर्जदारांसाठी माहिती

सोलापुरात वेल्डिंग, लेथ आणि पाइप वाकवण्याची कामे जाणणारे कारागीर आहेत. त्यामुळे जुन्या गाडीचे इंजिन घेऊन घरच्या शेडमध्ये स्वतःची छोटी गाडी उभी करणे हे कौशल्याच्या दृष्टीने आवाक्याबाहेरचे नाही. ती सार्वजनिक रस्त्यावर चालवता येईल की नाही, हे मात्र एका प्रश्नावर ठरते: कायद्याच्या दृष्टीने ही नवी गाडी आहे, की आधीच नोंदलेल्या गाडीत केलेला बदल? चॅसिसला पहिला टाका मारण्यापूर्वीच याचे उत्तर निश्चित झाले पाहिजे.

नवी गाडी म्हणून नोंदणी मागायची असेल, तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ४१ नुसार नमुना २० मध्ये अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत नमुना २१ चे विक्री प्रमाणपत्र, उत्पादकाने दिलेले नमुना २२ चे रस्तायोग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो. अडचण नमुना २२ ची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने आपल्या मॉडेलची नमुना गाडी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या अधिकृत वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून घ्यायची असते, आणि एकच गाडी बांधणाऱ्या व्यक्तीला ही वाट व्यवहारात जवळजवळ बंद आहे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकट्या गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे. आपल्या नियमांत तशी स्वतंत्र सोय नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून नव्या नोंदणीसाठी बीएस-६ उत्सर्जन मानक लागू असल्याने भंगारातून आणलेले जुने इंजिन या मार्गाने मान्य होत नाही.

उरतो तो कलम ५२ चा मार्ग, म्हणजे नोंदणी चालू असलेल्या गाडीत पूर्वमंजुरीने केलेला बदल. तो अरुंद आहे. आरसीतील (नोंदणी प्रमाणपत्रातील) तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. त्यामुळे मूळ चॅसिस, तिचा कोरलेला क्रमांक आणि व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) कायम ठेवून त्याच कंपनीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसवण्याचा अर्ज विचारात घेतला जाऊ शकतो. आठशे सीसीच्या जागी तेराशे सीसीचे इंजिन किंवा मूळ चॅसिस टाकून नवी पाइपची चौकट, असा अर्ज मंजूर होईल अशी अपेक्षा धरू नये. परवानगीशिवाय बदल केल्यास कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जमिनीपासूनच्या उंचीसाठी आरसीत रकाना नसतो, म्हणून स्प्रिंग कापून गाडी हवी तितकी खाली घेता येते, असा समज गॅरेजमध्ये सर्रास आढळतो. तो सोडून द्यावा, कारण रचनेतील बदलाने गाडीचे मूळ स्वरूप बदलत असेल तर तो कायद्यातील ‘बदला’च्या व्याख्येत बसतो, मग रकाना असो वा नसो.

उंचीचा हिशेब कसा करावा, हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. बहुतेक गाड्यांत इंजिनाखालचे ऑइल चेंबर किंवा त्यामागचे क्लच हाउसिंग हा सर्वांत खालचा भाग असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो; त्यामुळे २.४ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध असताना दोन चाकांमधला फुगवटा सुमारे ४२ मिलिमीटरच भरतो. परंतु वस्तीतला अरुंद, उभट गतिरोधक आपली पूर्ण उंची पोटाखाली घेऊन येतो. समजा, रिकाम्या गाडीच्या चेंबरखाली १५० मिलिमीटर जागा आहे आणि माणसे बसल्यावर ती जागा ३० मिलिमीटरने कमी होते; तर १२० उरतात, आणि ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग आणखी खाली झुकतो. म्हणून मोजणी भरलेल्या गाडीची, टायरमध्ये नेहमीची हवा असताना करावी.

जागा मिळवण्यासाठी चेंबर कापून उथळ करू नये. त्यात तेल कमी मावते, आणि वळणावर तेल एका बाजूला सरकून पंपाची जाळी उघडी पडली की बेअरिंग जातात. सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात तर कमी तेल अधिकच तापते. इंजिन वर उचलायचे असल्यास फाउंडेशनची (इंजिन ज्या आधारांवर बसते त्यांची) जागा बदलताना गिअरबॉक्सही त्याच कोनात राहील आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांवर जादा कोन येणार नाही, हे पाहावे. कंपनीच्या मूळ फाउंडेशनवर, मूळ रबर नवे घालून बसवलेले इंजिन सर्वांत कमी प्रश्न निर्माण करते, आणि माझ्या मते अर्जासाठीही तेच सर्वांत सुरक्षित आहे.

अर्ज मालक जिथे राहतो तिथल्या नोंदणी प्राधिकाऱ्याकडे करावा: सोलापूर शहरासाठी एमएच-१३ चे कार्यालय, तर पश्चिमेकडील काही तालुक्यांसाठी अकलूजचे एमएच-४५. विहित अर्जासोबत आरसी, विमा, पीयूसी, ओळख व पत्त्याचा पुरावा आणि इंजिनाचे खरेदी बिल तयार ठेवावे. इंजिन जुने असेल तर ते ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीची प्रतही मिळवावी, कारण इंजिन चोरीचे नाही हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदारावर येते. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती आधी घ्यावी.

मंजुरी मिळाल्यावर काम पूर्ण करून मोटार वाहन निरीक्षकापुढे गाडी न्यावी. चॅसिस व इंजिनाचे क्रमांक स्वच्छ वाचता येतील असे ठेवावेत. नव्या ब्रॅकेटखाली किंवा रंगाखाली क्रमांक झाकला गेल्यास तपासणी तिथेच अडते. आरसीत नवा इंजिन क्रमांक चढल्यानंतर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत तो नोंदवून घ्यावा, कारण जुन्या क्रमांकाच्या पॉलिसीवर अपघाताचा दावा केल्यास वाद उद्भवू शकतो.