जळालेले चर्च पुन्हा बांधताना : लुथरन परंपरेची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये शरणपूर रोड म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती दुकाने, क्लासेस, दवाखाने आणि सिग्नलवरची गर्दी. रस्त्याला ज्या वस्तीचे नाव आहे, ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वसाहत. मिशन अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, पण तिथले सगळेच मिशनरी इंग्रज नव्हते. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांचे आश्रयस्थान १८६० च्या सुमारास मुंबईहून शरणपुरात आले. ते सांभाळणारा कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हा जर्मन होता. बासेलच्या मिशन शाळेत शिकलेला, इथिओपियात राहून अम्हारिक भाषेचा कोश रचलेला. १८६४ मध्ये याच आश्रयस्थानातले तिघे जण पूर्व आफ्रिकेत राबाईला गेले, तेही योहानेस रेबमान या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याच्या मदतीला.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर, त्याच्या देशाशी नाशिकचा धागा आहे तो असा, आडवळणाने आलेला. एरवी मराठी मुलखात लुथरन, म्हणजे लुथरची परंपरा मानणाऱ्या, मंडळ्या थोड्याच. तमिळनाडू, आंध्र, छोटानागपूर हे त्यांचे भाग. १९७० मध्ये उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हाही लुथरन त्यात आले नाहीत. त्यामुळे एखाद्या लुथरन मंडळीचे चर्च आगीत गेले आणि ती ते पुन्हा बांधते आहे, असे कानावर आले की आपल्याकडचा माणूस हळहळतो आणि म्हणतो, बांधतील की. पण काय बांधायचे, कुणाच्या पैशाने आणि जुन्यासारखेच का, यावर या परंपरेत तीन-चारशे वर्षे वाद चाललेला आहे. वादाचे मूळ लुथरच्याच शिकवणीत सापडते.

प्रोटेस्टंट उपासनेसाठी म्हणून मुद्दाम बांधलेल्या वास्तूंत जर्मनीतल्या टोर्गावच्या किल्ल्यातले प्रार्थनामंदिर पहिले मानतात. ५ ऑक्टोबर १५४४ रोजी लुथरने तिथे उपदेश केला. त्याचा आशय असा, की या घरात प्रभूने वचनातून आपल्याशी बोलावे आणि आपण प्रार्थनेने व स्तुतीने उत्तर द्यावे, एवढेच व्हावे. आणि इथे जमता आले नाही तर बाहेर कारंज्यापाशी उपदेश केला तरी चालेल. त्याआधी १५३० च्या आउग्सबुर्गच्या विश्वासांगीकारात, म्हणजे लुथरनांच्या श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्यात, मंडळीची व्याख्या झालीच होती. शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार नीट दिले जातात तिथे जमलेले विश्वासणारे लोक म्हणजे मंडळी. त्या व्याख्येत भिंत, शिखर, वेदी यांपैकी काहीही येत नाही.

आपल्या गोदाकाठी देवळाचा जीर्णोद्धार काढला तर आधी मूर्तीतले देवत्व विधिपूर्वक कलशात घेतात, काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करतात. लुथरनांकडे असे काही हलवायचेच नसते. चर्च जळाले तर पुढच्या रविवारी मंडळी शाळेच्या हॉलमध्ये किंवा शेजारच्या मंडळीच्या चर्चमध्ये जमते आणि उपासना पूर्ण होते. म्हणजे तत्त्वाने पाहिले तर घाई कसलीच नाही. आणि तरीही, आगीनंतर वास्तूसाठी सर्वांत हट्टाने उभे राहिलेल्यांत लुथरन मंडळ्या आहेत. माझ्या मते याची गुरुकिल्ली धर्मशास्त्रापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त आहे.

१५२३ मध्ये लाइस्निग या सॅक्सनीतल्या गावाने ‘सामायिक पेटी’ची व्यवस्था केली आणि लुथरने तिच्या नियमांना प्रस्तावना लिहिली. मठांचे व देवस्थानांचे उत्पन्न या पेटीत यायचे आणि त्यातून पाळकाचा पगार, शाळा, गरिबांची मदत आणि इमारतीची डागडुजी भागवायची. किल्ली गावाने निवडलेल्या लोकांकडे. मोडलेल्या कौलापासून पडलेल्या मनोऱ्यापर्यंत सगळे मंडळीच्या अंगावर आले ते इथून. ज्याचा खर्च आपण पिढ्यान् पिढ्या उचलला ती वास्तू ‘गौण’ आहे असे कितीही शिकवले, तरी ती गौण वाटत नाही. आपल्या मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत बसलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पेटी पुरली नाही की बाहेर हात पसरावा लागे. जर्मन मुलखात आगग्रस्ताला अधिकाऱ्यांकडून एक पत्र मिळे. ते दाखवून त्याने गावोगावी मदत मागायची. जळालेल्या गावासाठी आणि चर्चसाठी दूरदूरच्या मंडळ्यांत रविवारची दानपेटी फिरे. या भिकेला पर्याय म्हणून १६७६ मध्ये हँबुर्ग शहराने आपली अग्नि-निधी संस्था काढली. आगीच्या विम्याची जगातली सर्वांत जुनी संस्था म्हणून ती ओळखली जाते.

आगी लागत कशा? मनोरा गावातला सर्वांत उंच, म्हणून वीज त्याच्यावर. छताचा सांगाडा लाकडी, शतकानुशतके वाळलेला. छपरावर शिशाचे किंवा तांब्याचे पत्रे, त्यांची दुरुस्ती करताना उघडी ज्योत. शिवाय युद्धे. जर्मनीतल्या व्हिटेनबर्गच्या चर्चच्या ज्या दारावर लुथरने १५१७ मध्ये धर्मसुधारणेला तोंड फोडणारे ९५ सिद्धान्त लावले असे परंपरा सांगते, ते लाकडी दार १७६० मध्ये सप्तवार्षिक युद्धातल्या तोफांच्या माऱ्यात चर्चसकट जळाले. आज पर्यटक ज्याच्यापुढे फोटो काढतात ते १८५८ चे काशाचे दार आहे, सिद्धान्त कोरलेले.

नॉर्वेतल्या ग्रुए गावची आग या सगळ्यांहून भीषण. १८२२ च्या पेंटेकॉस्टच्या सणादिवशी लाकडी चर्च माणसांनी भरलेले असताना पेटले. दारे आत उघडणारी होती. गर्दी दाराशी दाटली आणि ती उघडेनात. शंभराहून अधिक माणसे गेली. त्यानंतर नॉर्वेत चर्चची दारे बाहेरच्या बाजूला उघडलीच पाहिजेत, असा कायदा झाला. लग्नाचे हॉल आणि क्लासेस भरलेल्या आपल्या शहराने हा एक धडा उशिरा का होईना, घ्यावा असा आहे.

हँबुर्गकडे पुन्हा येऊ, कारण पुनर्बांधणीचे सगळे पर्याय एकाच शहरात पाहायला मिळतात. मे १८४२ च्या मोठ्या आगीत शहराच्या मध्यातले सेंट निकोलाई चर्च गेले. नव्या इमारतीच्या स्पर्धेत गॉटफ्रीड सेंपर याच्या घुमटाच्या आराखड्याला पहिला क्रमांक मिळाला, पण काम गेले इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याच्याकडे आणि उभे राहिले उंच गॉथिक चर्च. १८७४ मध्ये पूर्ण झालेला त्याचा १४७ मीटरचा मनोरा दोन वर्षे जगातली सर्वांत उंच वास्तू होता. (मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर याच स्कॉटचा.) तोच उंच मनोरा १९४३ मध्ये बाँबफेकी विमानांना खूण म्हणून उपयोगी पडला. चर्च उद्ध्वस्त झाले, मनोरा उरला. या वेळी मंडळीने तिथे पुन्हा बांधले नाही. मनोरा आणि भग्न भिंती युद्धस्मारक म्हणून राखल्या, आणि मंडळी दुसऱ्या भागात नव्या चर्चमध्ये गेली. ते १९६२ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. टोर्गावच्या शिकवणीला सर्वांत जवळचा निर्णय हाच म्हणावा लागेल.

त्याच शहरातले सेंट मिखाएलिस, लोकांच्या लाडक्या भाषेत ‘मिखेल’, याची गोष्ट उलट. पहिले चर्च १७५० मध्ये विजेने जळाले. दुसरे अठराव्या शतकातच उभे राहिले. उपदेश सर्वांना ऐकू यावा म्हणून मधोमध मोकळा विस्तीर्ण दिवाणखाना आणि भोवती सज्जे अशी त्याची रचना. ३ जुलै १९०६ रोजी मनोऱ्यावर डाखकाम चालू असताना आग लागली आणि मनोऱ्यासकट सगळे खाली आले. मग वाद पेटला. नवे शतक आहे, नव्या शैलीत बांधा, नक्कल म्हणजे खोटेपणा, असे काही वास्तुरचनाकारांचे म्हणणे. शहराला मात्र बंदरात शिरताना दिसणारा तोच मनोरा हवा होता. शेवटी बाहेरून होते तसेच आणि आतून छताला लाकडाऐवजी पोलाद व काँक्रीट, असा मार्ग निघाला. १९१२ मध्ये चर्च पुन्हा सुरू झाले. नक्कल म्हणून हिणवलेली ही इमारत आज हँबुर्गची ओळख आहे; टीकाकार तत्त्वाने बरोबर होते, पण हरले.

सॅक्सनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या फ्रावेनकिर्खे या चर्चबद्दल लिहायचे तर जरा थांबून लिहायला हवे. गेओर्ग बेअर हा मुळात सुतारकाम शिकलेला मिस्त्री. १७२६ पासून त्याने शहराच्या पैशाने वालुकाश्माचा प्रचंड घुमट उभारायला घेतला. चर्च १७४३ मध्ये पूर्ण झाले, बेअर त्याआधीच वारला होता. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बाँबवर्षाव झाला तेव्हा घुमट उभाच राहिला. आत मात्र लाकडी बाके आणि सज्जे जळत होते. त्या उष्णतेने तापून खांबांच्या वालुकाश्माची ताकद गेली आणि १५ तारखेला सकाळी सगळा घुमट कोसळला.

पूर्व जर्मनीच्या सरकारने ढिगारा तसाच ठेवला. १९८२ पासून दर १३ फेब्रुवारीला तरुण तिथे मेणबत्त्या घेऊन जमू लागले आणि राजवटीला नको असलेली शांततेची चळवळ त्या दगडांभोवती वाढली. १९९० मध्ये, बर्लिनची भिंत पडल्यावर, शहरातल्या काही नागरिकांनी पुनर्बांधणीचे जाहीर आवाहन केले. ट्रंपेटवादक लुडविग गुटलर त्यांच्या पुढे होता. सर्वांत जास्त का-कू केली ती सॅक्सनीच्या लुथरन चर्चने. त्यांचे प्रश्न रास्त होते. रविवारी येणारी माणसे कमी होत असताना एवढ्या मोठ्या चर्चचे काय करायचे, गावोगावची गळकी चर्चे आधी का नको, आणि ढिगारा हीच युद्धाविरुद्धची सर्वांत बोलकी साक्ष नाही का. १९९१ मध्ये त्यांनी होकार दिला.

ढिगारा उपसण्याचे काम पुरातत्त्वाच्या उत्खननासारखे झाले. प्रत्येक दगड मोजून, फोटो काढून, क्रमांक देऊन फळ्यांवर मांडला आणि तो मूळचा कुठला हे संगणकाच्या मदतीने शोधले. हजारो जुने दगड परत आपापल्या जागी बसवले. जुना वालुकाश्म काळवंडलेला, नवा फिका, म्हणून भिंतीवर आजही ठिपके दिसतात. पायाचा दगड १९९४ मध्ये बसला, अर्पणविधी ३० ऑक्टोबर २००५ रोजी झाला. सुमारे १८ कोटी युरो खर्चापैकी १० कोटींहून अधिक देणग्यांतून आले. घुमटावरचा क्रूस लंडनच्या ज्या सोनाराने घडवला, त्याचे वडील ड्रेस्डेनवर बाँब टाकणाऱ्या विमानांपैकी एकाचे वैमानिक होते.

स्टॉकहोमच्या कातारिना चर्चने तिसराच प्रश्न विचारला : होते तसे बांधायचे, तर कोणत्या हातांनी? सतराव्या शतकातले हे चर्च एकदा १७२३ मध्ये आणि दुसऱ्यांदा मे १९९० मध्ये जळाले. दुसऱ्या वेळी बाहेरच्या भिंतींखेरीज फार काही उरले नाही. वास्तुरचनाकार ओवे हिडेमार्क याने हट्ट धरला की नुसते रूप जुने नको, पद्धतही जुनी हवी. जुनी भिंत चुन्याची असेल तर तिच्यावर सिमेंट थापून चालत नाही. सिमेंट कडक, ओल बाहेर सोडत नाही. चुना भिंतीबरोबर हलतो आणि श्वास घेतो. म्हणून चुन्याचा गिलावा, जुन्या धाटणीची वीट, जुन्या पद्धतीचे लाकूडकाम, आणि हे विसरलेले कारागीर नव्याने तयार करणे. १९९५ मध्ये चर्च उघडले. सुंदरनारायणाच्या देवळाचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या चुन्याच्या आग्रहाचे कारण सांगायला नको.

घंटांचे एक राहिले. घंटेचे कासे नऊशे अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे मनोरा पेटला की घंटा एक तर कोसळून फुटते किंवा वितळून ढिगाऱ्यात गोळा होते. पण धातू वाया जात नाही. तो गोळा करून पुन्हा ओतता येतो. आपल्याकडे नारोशंकराच्या देवळात वसईच्या विजयाची आठवण म्हणून पोर्तुगीज घंटा टांगली आहे. घंटा घरे बदलते हे नाशिककरांना नवे नाही.

आता भारतातल्या मंडळ्यांकडे. युरोपातल्या वरच्या बहुतेक गोष्टींत शहर, सरकार किंवा चर्चचा कर पाठीशी आहे. इथे तसे नाही. मिशनकाळातल्या बऱ्याच वास्तू मंडळीच्या नावावर नसून विश्वस्त संस्थांच्या नावावर आहेत. महाराष्ट्रात नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर १९५० चा विश्वस्त कायदा लागू होतो. न्यासाची जमीन विकून बांधकामाला पैसा उभा करायचा म्हटले, तर आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. परदेशी मंडळ्यांकडून मदत घ्यायची तर परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी हवी. त्यामुळे इथे चर्च जळाले, तर ‘होते तसेच की नवे’ या वादाला हात घालण्याआधी पंच कमिटीला तीन कागद शोधावे लागतात : मालमत्तेचा उतारा, विम्याची पॉलिसी आणि इमारतीचे मूळ नकाशे. नकाशे सहसा सापडत नाहीत. शरणपुरात असोत वा कुठेही, ज्या मंडळ्यांची जुनी चर्चे अजून धड उभी आहेत, त्यांनी आजच मोजमापे घेऊन, आतून-बाहेरून फोटो काढून ते दुसऱ्या इमारतीत ठेवावेत.