चौकातलं चित्र, रस्त्यावरचं शिल्प: निवडीत रहिवाशांचं म्हणणं यावं म्हणून अर्ज कसा करायचा

कंत्राटदाराची माणसं शिड्या लावतात आणि दोन दिवसांत चौकातली भिंत मोर-कमळांनी भरून जाते. मग गल्लीत चर्चा सुरू होते, की इथं पैठणीची नक्षी किंवा हिमरू कापडाची वेलबुट्टी शोभली असती. तोवर अंदाजपत्रक मंजूर झालेलं असतं, निविदा उघडलेली असते, कार्यादेशही निघालेला असतो. रहिवाशांचं ऐकलं जाण्याची खरी वेळ त्याच्या आधीची, म्हणजे काम अजून कागदावरही आलेलं नसतं तेव्हाची. अर्ज तेव्हाच पडायला हवा.

अर्ज कुणाच्या नावे? मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना अशा पाच महापालिका आहेत. तिथं अर्ज आयुक्तांच्या नावे करायचा आणि प्रत आपल्या प्रभाग कार्यालयाला व शहर अभियंत्यांना द्यायची. बीड, धाराशिव, हिंगोली इथं नगरपरिषद आहे, तिथं अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. साध्या कागदावरचा अर्ज चालतो.

आधी ठरवा: पुतळा की सुशोभीकरण

निम्मे अर्ज अडतात ते इथंच. थोर व्यक्तीचा पुतळा हा वेगळाच मार्ग आहे. त्यासाठी सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय लागू होतो. त्यात जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचं ना-हरकत आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, असा लांबचा प्रवास आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळ्यांना नव्याने परवानगी देऊ नये, असं राज्यांना सांगितलं आहे. त्याच आदेशात रस्त्यांचा विकास आणि सुशोभीकरण मात्र वगळलेलं आहे. भित्तिचित्र, दगडी बाक, फरशीवरची नक्षी, कारंज्याभोवतीचं शिल्प हे त्या सवलतीत बसू शकतं. अर्जाच्या विषयात ‘पुतळा’ हा शब्द चुकून पडला, तर फाइल भलत्याच टेबलावर जाते आणि तिथून लवकर हलत नाही.

जागा कुणाची

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही राष्ट्रीय महामार्गाकडे असतात. भिंत तर महावितरणची, रेल्वेची, एसटीची, शाळेची किंवा एखाद्या भाऊबंदकीत अडकलेल्या वाड्याचीही असू शकते. मालकाची लेखी संमती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. हौसेने परस्पर रंगवू नका; मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायदा, १९९५ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

छत्रपती संभाजीनगरात आणखी एक गोष्ट बघावी लागते. बीबी का मकबऱ्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. पाया खोदून शिल्प उभं करायचं असेल तर हे अंतर आधी मोजून घ्या.

कोण अर्ज करू शकतं

कोणीही. त्या रस्त्यावर भाड्याने राहणारा, दुकान चालवणारा, रोज हातगाडी लावणारा, सगळे. पण देखभालीचा करार करायचा झाला तर समोर नोंदणीकृत संस्था लागते: गृहनिर्माण सोसायटी, व्यापारी संघटना, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं मंडळ किंवा शाळा.

अर्जासोबत जागेचे दिवसा काढलेले फोटो, लांबी-रुंदीसह हाताने काढलेला नकाशा, मालकाचं संमतिपत्र, संस्थेच्या ठरावाची प्रत, अर्जदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि रहिवाशांच्या नाव-पत्त्यासह सह्या जोडा. सह्यांच्या कागदावर लोकांचे आधार क्रमांक गोळा करू नका. त्यांची गरज नाही आणि तो कागद दहा हातांतून फिरतो. पदपथावर काही ठेवायचं असेल तर चालायला किती जागा उरते ते नकाशात दाखवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात किमान १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे. वळणावर किंवा सिग्नलजवळ असेल तर वाहतूक शाखेचं ना-हरकतही लागेल.

अर्जात मागायचं काय

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तोच लोक दोन ओळींत उरकतात. ‘सुंदर चित्र काढावे’ एवढंच लिहिलं तर पुन्हा मोरच येणार. त्याऐवजी निवडीची पद्धत मागा: विषय रहिवाशांच्या बैठकीत ठरावा, किमान तीन कलाकारांकडून कच्ची रेखाटनं घ्यावीत, ती प्रभाग कार्यालयात आणि शाळेत पंधरा दिवस लावावीत, निवड समितीत रहिवासी आणि शासकीय कला महाविद्यालयातले शिक्षक असावेत. ही तुमची मागणी आहे, नियम नव्हे. म्हणून ती अर्जात स्पष्ट लिहायला हवी. हात वर करून मतदान मात्र टाळा. त्यात ज्याचं मंडळ मोठं त्याचं चित्र लागतं, आणि दुपारी बैठकीला येऊ न शकणाऱ्या बाया-म्हाताऱ्यांचं म्हणणं राहूनच जातं. घरोघरी एक छापील चिठ्ठी फिरवलेली बरी.

कायमचं करण्याआधी कच्च्या रंगात करून बघा, अशीही मागणी करता येते. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ उपक्रमाची पद्धत तीच होती: आधी तात्पुरता प्रयोग, मग लोकांचा अभिप्राय. त्यात २०२२ मध्ये निवडलेल्या ११ शहरांत औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) होतं, त्यामुळे इथल्या अभियंत्यांना ही कल्पना नवी वाटू नये.

खर्चात देखभाल धरा. आपल्याकडच्या उन्हात पश्चिमेकडची भिंत लवकर विटते. कलाकाराशी होणाऱ्या करारात चित्र पुसण्याची, हलवण्याची अटही असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ मध्ये कलाकृतीची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क कलाकाराला आहे. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून खराब केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांना पाच लाखांची भरपाई मंजूर केली होती.

अर्ज दिल्यावर

आवक विभागात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. नगरसेवकाच्या हाती दिलेल्या अर्जाला पोचपावती नसते, म्हणून त्यांना प्रत द्या, मूळ अर्ज नाही. स्थळपाहणीला अभियंता येईल तेव्हा दोघं-तिघं हजर राहा.

महिनाभर हालचाल दिसली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत हवा. ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ असं विचारू नका. आवक क्रमांक लिहून त्या अर्जावर फाइलमध्ये अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या टिप्पणीची प्रत, फाइल सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचं पदनाम आणि त्या रस्त्यासाठी अंदाजपत्रकात सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली मंजूर रक्कम मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे.