अर्ध्या पोत्याचा डोंगर

दक्षिण कॅलिफोर्नियात नायलंड गावाहून स्लॅब सिटीकडे निघालं, की रखरखीत माळावर एकदम रंगांचा डोंगर समोर येतो. माथ्यावर क्रॉस, त्याखाली ‘गॉड इज लव्ह’ ही ठसठशीत अक्षरं. उंची जेमतेम ५० फूट. नाव सॅल्व्हेशन माउंटन.

तो उभारला लेनर्ड नाइट यांनी. जन्म १९३१, व्हरमाँटचा. कधी वेल्डिंग, कधी गिटारच्या शिकवण्या, असं त्यांचं आयुष्य चाललं होतं. १९६७ मध्ये सॅन दिएगोला बहिणीकडे आले असताना एकटेच गाडीत बसून ‘येशू, मी पापी आहे, माझ्या हृदयात ये’ असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

डोंगर मात्र त्यांच्या मनातही नव्हता. ‘गॉड इज लव्ह’ लिहिलेला गरम हवेचा फुगा आभाळात सोडायचा, हे त्यांचं स्वप्न. कापडाचे तुकडे शिवत शिवत फुगा अवाढव्य झाला, पण उडेना. शेवटी कापडच कुजलं. १९८४ मध्ये ते स्लॅब सिटीत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या मरीन तळाच्या इमारती गेल्या, काँक्रीटच्या लाद्या तेवढ्या उरल्या, त्यावरून वस्तीला हे नाव पडलं. आठवडाभर थांबून छोटंसं स्मारक करू, म्हणून त्यांनी अर्धं पोतं सिमेंट कालवलं. तो आठवडा पंचवीस वर्षांहून जास्त लांबला.

सिमेंट कमी, वाळू फार. काही वर्षांत सगळा डोंगर ढासळला. कुणाला इजा झाली नाही. डोंगर धोक्याचा होता हे देवाने वेळीच दाखवलं, असं म्हणत नाइट यांनी त्याचे आभार मानले. मला या माणसाची सगळ्यात मोठी ताकद इथे दिसते. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिथलीच चिकणमाती आणि गवताचा पेंढा घेतला. आपल्याकडच्या मातीच्या भिंती ज्यांनी लिंपल्यात, त्यांना यातलं शहाणपण सांगायला नको. ओल्या मातीच्या गोळ्यात मूठ दाबली की फूल तयार! वर रंगाचे थरावर थर. रंग लोकांनी आणून दिलेले. वीज नाही, नळ नाही. झोपायला स्वतःचा ट्रक, तोही रंगवलेला.

१९९४ मध्ये मातीत घातक प्रमाणात शिसं आहे, असं सांगून काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, डोंगर हटवायची तयारी केली. लोकांनी सह्या गोळा केल्या, माती स्वतंत्रपणे पुन्हा तपासली गेली, त्यात घातक काही निघालं नाही. २००० मध्ये अमेरिकेच्या फोक आर्ट सोसायटीने जागा जपण्याजोगी ठरवली. २००२ मध्ये सिनेटर बार्बरा बॉक्सर यांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, नोंदीत तिला राष्ट्रीय ठेवा म्हटलं.

२०११ च्या अखेरीस नाइट यांना शुश्रूषागृहात हलवावं लागलं. १० फेब्रुवारी २०१४ रोजी ते गेले. माती उन्हाने तडकते, पावसाने धुपते. स्वयंसेवक भेगा बुजवतात, वरून रंगाचा हात देतात. लांबून येणारे लोक आजही रंगाचे डबे घेऊन येतात.