बिलाच्या तळाची ओळ

आजीबरोबर भांडी बाजारात गेलं की घागर घ्यायचा एक विधीच असायचा. आधी टिचकी मारून आवाज ऐकायचा. मग दुकानदाराकडूनच पाणी मागून घागर काठोकाठ भरायची, फळीवर ठेवायची आणि बाकीची खरेदी उरकायला जायचं. परत येईपर्यंत बुडाशी ओल दिसली नाही तरच ती नाव घालायला द्यायची. एकदा नाव घातलं की भांडं परत नाही, हे दोघांनाही ठाऊक असे. त्याआधी झरलं तर दुकानदार मुकाट्याने दुसरं काढून देई.

बिलाच्या तळाशी मात्र तेव्हाही छापलेलं असायचं: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ नाशिकच्या बाजारात रविवार कारंजा ते शालिमार फिरलात तर आजही ही ओळ सापडेल. बरेचदा तिच्या शेजारीच ‘चूकभूल देणे घेणे’ असतं. म्हणजे एका ओळीत चूक दुरुस्त करायचं वचन आणि दुसरीत नकार. छापखान्यात मागच्या बिलबुकावरून नवं बिलबुक जुळवतात, त्यामुळे दोघी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदतात. ही ओळ बाजाराइतकीच जुनी असावी असं वाटतं. तशी ती नाही.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात खरेदी-विक्रीनंतरच्या पस्ताव्याला स्वतंत्र शब्द आहे, अनुशय. मनुस्मृती त्यासाठी दहा दिवस देते. तेवढ्यात घेणारा वस्तू परत करू शकतो आणि विकणारा परत मागू शकतो. कौटिल्य व्यापाऱ्यांना एक रात्र देतो, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. नारदस्मृतीत तर परताव्याचा दरच आहे. त्याच दिवशी न बिघडवता परत केलं तर पूर्ण पैसे, दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर माल घेणाऱ्याचा. सगळ्यांत शहाणपणाची यादी याज्ञवल्क्याची. लोखंड पारखायला एक दिवस, दुभतं जनावर तीन, ओझ्याचं जनावर पाच, रत्नं सात आणि बियाणं दहा दिवस. दोष दिसायला जेवढा वेळ लागतो तेवढी मुदत, हे सूत्र त्यात उघड आहे. (त्याच यादीत दासी आणि दासही आहेत, महिना आणि पंधरवड्याच्या मुदतीने. तेव्हा ‘आमच्याकडे सगळं होतंच’ म्हणून छाती फुगवायचं काही कारण नाही.)

‘घेणाऱ्याने जपून घ्यावं’ हा उलटा नियम आपल्या कायद्यात आला तो इंग्रजांकडून. तिथल्या १६०३ च्या एका प्रसिद्ध खटल्यात सोनाराने औषधी गुणाचा ‘बेझोर’ म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. तो बेझोर नव्हता. तरी गिऱ्हाईक हरलं, कारण सोनाराने ‘हा बेझोर आहे’ एवढंच म्हटलं होतं, हमी दिली नव्हती! पुढे व्यापार वाढला, माल न पाहता नुसत्या नावावर घ्यायची पद्धत आली आणि न्यायाधीशांनाही हे जाचू लागलं. १८१५ साली रेशमाच्या एका सौद्यात लॉर्ड एलेनबरो यांनी सुनावलं की, माणूस माल घेतो तो काही उकिरड्यावर टाकायला घेत नाही. विकलेली वस्तू निदान बाजारात त्या नावाने खपेल अशी तरी हवी, हे तत्त्व तिथून रुजलं.

तेच तत्त्व इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यातून आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्यात आलं. त्याचं कलम १६ सांगतं की, त्या प्रकारचा माल विकणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली तर ती विकाऊ दर्जाची असली पाहिजे, ही अट न लिहिता करारात असतेच. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल आणि तपासात दिसायलाच हवा होता असा दोष असेल, तर त्याची तक्रार नाही. समजा गोदेचं पाणी बाजारात शिरलं आणि भिजलेली साडी दुकानदाराने डाग दाखवून निम्म्या भावात दिली, तर घरी येऊन डागावरून भांडता येत नाही.

मग तळाची ती ओळ कशी टिकली? त्याच कायद्याच्या कलम ६२ मध्ये पळवाट आहे. अशा न लिहिलेल्या अटी दोघांच्या कराराने किंवा वहिवाटीने बाजूला ठेवता येतात. बिलावर छापलेलं वाक्य म्हणजेच करार, असं दुकानदार मानू लागले, आणि गिऱ्हाईकाने ते वाचलंही नसलं तरी त्याला ते खरं वाटू लागलं. शिवाय दाद मागायची तर दिवाणी कोर्टात. एका बिघडलेल्या इस्त्रीसाठी तारखा आणि वकिलाची फी कोण सोसणार? हक्क होता, पण वसूल करायचा खर्च वस्तूपेक्षा जास्त होता.

ग्राहक हक्कांवरच्या भाषणात इथे हटकून अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकांच्या हक्कांवर दिलेला १९६२ चा संदेश येतो. मला त्याहून जवळचं महत्त्वाचं वाटतं. मुंबईत १९६६ साली नऊ महिलांनी ग्राहकांना मार्गदर्शन करणारी संस्था काढली. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. कायदा येण्याच्या दहा-बारा वर्षं आधी मराठी मध्यमवर्ग गटागटाने किराणा वाटून घेत होता आणि ‘गिऱ्हाईक’चा ‘ग्राहक’ होत होता.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या, असे हुकूम देणारा जिल्हा मंच आला आणि वकिलाशिवाय उभं राहायची सोय झाली. ठरलेली मुदत तीन महिन्यांची, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात किती वेळ लागतो, ते ज्याने खेटे घातले त्यालाच विचारा. १९९९ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने राज्यांना कळवलं की बिलावरची ती ओळ ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापखान्यांपर्यंत ते काही पोचलं नाही.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने हे स्पष्टच लिहिलं. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा. मुदत बिलावर लिहिलेली, आणि लिहिलेली नसेल तर तीस दिवस. बिल न देणं हीदेखील त्याच यादीत. मंचाचं नाव आयोग झालं. आता आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. मुंबईत घेतलेल्या फ्रिजसाठी सुरगाण्याच्या माणसाने मुंबई गाठायची गरज नाही, नाशिकचा जिल्हा आयोग चालतो. वस्तूसाठी पाच लाखांपर्यंत पैसे दिले असतील तर फी नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

इथे एक गैरसमज मात्र नेहमी आढळतो. हे सगळं सदोष मालासाठी आहे. पैठणीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, बूट भावाला लहान झाला, हा दोष नव्हे. तिथे दुकानदार बदलून देतो ती त्याची रीत, कॉलेज रोडवर एक आणि भद्रकालीत दुसरी.

आपल्या जिल्ह्यात खरी कसोटी दुकानातल्या वस्तूंपेक्षा बियाण्याची असते. याज्ञवल्क्याने दिलेले दहा दिवस उगवण पाहायला पुरतील, पण कांदा डोंगळ्यांवर (फुलांच्या दांड्यांवर) गेला किंवा जोडकांदा निघाला हे कळायला काही महिने जातात. तोवर पिशवी रिकामी झालेली असते. कंपन्यांचा युक्तिवाद असे की शेतकरी ग्राहकच नाही, कारण तो पीक विकतो. आणि ग्राहक मानलाच, तर प्रयोगशाळेसाठी नमुना आणावा. २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगम या सरकारी बियाणे कंपनीच्या खटल्यात दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे, आणि विकत घेतलेलं सगळं बियाणं पेरणाऱ्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही.

तेव्हापासून निफाड-चांदवडकडचा जाणता शेतकरी पावतीबरोबर रिकामी पिशवी आणि तिचा टॅगही जपून ठेवतो, आणि पीक उभं असतानाच तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला बोलावून पंचनामा करून घेतो. पावतीच्या तळाशी अर्थात तीच ओळ असते.